नभोवाणी व ग्रामीण कुटुंबनियोजन

नभोवाणीच्या कार्यक्रमांद्वारे ग्रामीण जनतेपर्यंत कुटुंबनियोजनाची माहिती पोहोचविणे आणि त्या माहितीचा दांपत्यांच्या निर्णयांवर प्रभाव पडणे, या प्रक्रियेचा इतिहास भारतात प्रामुख्याने १९५० नंतरच्या कालखंडाशी निगडित आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीने या इतिहासाला विशेष महत्त्व आहे. ग्रामीण नभोवाणी श्रोतृमंडळांचा भारतातील पहिला मोठा पद्धतशीर प्रयोग १९५६ मध्ये पुणे केंद्रावरून झाला आणि त्यासाठी निवडलेल्या पाच मराठी भाषिक जिल्ह्यांमध्ये नासिक जिल्ह्याचा समावेश होता. या प्रयोगाने घालून दिलेली पद्धत म्हणजे कार्यक्रम ऐकणे, त्यावर चर्चा करणे, चर्चेतून कृतीकडे वळणे आणि शंका केंद्राकडे परत पाठविणे. कुटुंबनियोजनाचा प्रचार जेथे या पद्धतीच्या जवळ राहिला, तेथे नभोवाणीचा उपयोग झाला; जेथे प्रचाराने केवळ आदेशाचे रूप घेतले, तेथे तिची विश्वासार्हता कमी झाली, असे या इतिहासाचे थोडक्यात सार सांगता येईल.

पूर्वपीठिका : संततिनियमनाचा उघड पुरस्कार महाराष्ट्रात नभोवाणीच्या पूर्वीच सुरू झालेला होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र सुरू झाले. कर्वे यांनी १९२७ पासून समाजस्वास्थ्य हे मासिक चालविले. या मासिकातील मजकुराबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले व १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. नोव्हेंबर १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रसाराविषयीचा ठराव मांडण्यात आला. तो संमत झाला नाही. या चळवळीचा प्रसार मुख्यतः छापील मजकुरातून होत होता. त्यामुळे तिचा वाचकवर्ग शहरी व शिक्षित राहिला. १९५१ च्या जनगणनेनुसार भारतातील साक्षरतेचे प्रमाण १८.३३ टक्के होते व स्त्रियांमध्ये ते ९ टक्क्यांच्याही खाली होते. खेड्यातील स्त्रीला मासिक वाचून माहिती मिळविणे शक्य नव्हते.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. १९४९ मध्ये मुंबईत भारतीय कुटुंबनियोजन संघ स्थापन झाला. धन्वंती रामा राव व आवाबाई वाडिया या त्याच्या प्रमुख कार्यकर्त्या होत्या. १९५२ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत आंतरराष्ट्रीय नियोजित पालकत्व महासंघाची स्थापना झाली. पहिल्या पंचवार्षिक योजनेत (१९५१–५६) कुटुंबनियोजनाचा समावेश करण्यात आला व हा कार्यक्रम शासकीय पातळीवर स्वीकारणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला. ज्या विषयावरील लेखनासाठी १९३४ मध्ये न्यायालयात उभे राहावे लागत होते, तो विषय दोन दशकांच्या आत शासनाच्या धोरणाचा भाग झाला. तथापि धोरण जाहीर होणे व खेड्यातील घरात त्या विषयावर बोलणे शक्य होणे, यांत मोठे अंतर होते. हे अंतर कमी करण्याचे काम पुढे नभोवाणीकडे आले.

ग्रामीण भागात नभोवाणी : मुंबई केंद्राचे उद्‌घाटन २३ जुलै १९२७ रोजी झाले. नागपूर केंद्र १९४८ मध्ये व पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. पुणे केंद्र सुरू झाल्यानंतर पंधरवड्याच्या आतच, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, र. धों. कर्वे यांचे निधन झाले. पुणे केंद्राला अल्पावधीतच मोठा श्रोतृवर्ग लाभला. ग. दि. माडगूळकर यांची गीतरचना व सुधीर फडके यांचे संगीत असलेले गीतरामायण याच केंद्रावरून एप्रिल १९५५ ते एप्रिल १९५६ या काळात प्रक्षेपित झाले. ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात लेखक व्यंकटेश माडगूळकर यांनी दीर्घकाळ काम केले. खेड्यातील माणसाशी त्याच्याच बोलीच्या वळणाने बोलणारे लेखक व कलावंत या केंद्राला मिळाले, ही गोष्ट पुढील प्रयोगाच्या दृष्टीने महत्त्वाची होती.

त्या काळी खेड्यात घरोघरी रेडिओसंच नव्हते. संच महाग होता, त्यासाठी परवाना काढावा लागे व बहुतेक खेड्यांत वीज नसल्याने तो बॅटरीवर चालवावा लागे. म्हणून सार्वजनिक संचाची पद्धत अवलंबिण्यात आली. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, चावडीवर किंवा शाळेत असा संच ठेवला जाई. बॅटरी उतरली किंवा संच बिघडला, तर दुरुस्ती होईपर्यंत सगळ्या गावाचे ऐकणे बंद पडे. संच सार्वजनिक असल्यामुळे ऐकणेही सामूहिक होते आणि सामूहिक श्रवणाच्या या सवयीतूनच श्रोतृमंडळाची कल्पना भारतात रुजविणे सोपे गेले.

पुणे प्रयोग (१९५६) : श्रोतृमंडळांची मूळ कल्पना कॅनडातील आहे. तेथे १९४१ मध्ये शेतकऱ्यांसाठी राष्ट्रीय नभोवाणी मंडळे सुरू झाली. शेजारी शेतकरी एकत्र जमून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपली मते केंद्राकडे पाठवीत. युनेस्कोच्या साहाय्याने ही पद्धत भारतात अजमावून पाहण्याचे ठरले. त्यानुसार आकाशवाणीने त्यावेळच्या मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), नासिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन केली. १९ फेब्रुवारी ते २६ एप्रिल १९५६ या दहा आठवड्यांत दर रविवारी व गुरुवारी सायंकाळी अर्ध्या तासाचा एक, असे एकूण वीस कार्यक्रम प्रक्षेपित करण्यात आले. प्रत्येक मंडळात साधारणपणे बारा ते वीस सभासद असत. त्यांपैकी एक अध्यक्ष व एक निमंत्रक असे. कार्यक्रम संपल्यावर सभासद त्याच विषयावर चर्चा करीत व चर्चेचा वृत्तांत निमंत्रक केंद्राकडे पाठवी. मंडळांनी विचारलेल्या प्रश्नांना नंतरच्या कार्यक्रमांतून उत्तरे दिली जात. ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ असे या पद्धतीचे सूत्र होते.

या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. त्याची जबाबदारी तेथे अभ्यागत प्राध्यापक असलेले समाजशास्त्रज्ञ पॉल नॉइराथ यांच्याकडे होती. त्यांनी व आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर यांनी लिहिलेला अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. श्रोतृमंडळे असलेली गावे, रेडिओ असूनही मंडळ नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे, अशी तुलना या अभ्यासात करण्यात आली. मंडळे असलेल्या गावांतील सभासदांच्या ज्ञानात लक्षणीय वाढ दिसून आली. केवळ रेडिओ असलेल्या गावांत तशी वाढ दिसली नाही. नुसते ऐकणे व ऐकून बोलणे यांतील फरक या तुलनेने प्रथमच पद्धतशीरपणे दाखवून दिला. अनेक मंडळे गावाच्या प्रश्नांवर निर्णय घेणारी मंडळेच बनली, असेही अभ्यासकांना आढळले.

कुटुंबनियोजन हा या प्रयोगाचा मुख्य विषय नव्हता. शेती, पशुसंवर्धन, आरोग्य, शिक्षण व ग्रामव्यवस्था असे विषय त्यात प्रमुख होते. परंतु लोकसंख्याविषयक प्रचाराच्या दृष्टीने त्याचे दोन निष्कर्ष मोलाचे होते. पहिला असा, की निरक्षर व साक्षर सभासद चर्चेत बरोबरीने भाग घेऊ शकतात. दुसरा असा, की नवी गोष्ट स्वीकारण्यापूर्वी माणूस ती आपल्यासारख्याच माणसांशी बोलून पाहतो. १७ नोव्हेंबर १९५९ पासून श्रोतृमंडळांची योजना देशभर लागू करण्यात आली.

विषयाची मांडणी : १९६३ नंतर कुटुंबनियोजनाच्या शासकीय धोरणात बदल झाला. केंद्रात येणाऱ्यांची वाट पाहण्याऐवजी लोकांपर्यंत जाऊन शिक्षण देण्याची विस्तार-पद्धत स्वीकारण्यात आली. १९६५ मध्ये लूप हे गर्भाशयात बसवावयाचे साधन मोठ्या प्रमाणावर उपलब्ध झाले. १९६६ मध्ये केंद्र शासनात कुटुंबनियोजनाचे स्वतंत्र खाते निर्माण झाले आणि १९६८ मध्ये ‘निरोध’ची अल्प किंमतीत विक्री सुरू झाली. लाल त्रिकोण हे चिन्ह याच काळात देशभर परिचित झाले. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात आकाशवाणीच्या निवडक केंद्रांवर कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमांसाठी स्वतंत्र विभाग निर्माण करण्यात आले.

या कार्यक्रमांचे स्वरूप विविध होते. डॉक्टरांची भाषणे, प्रश्नोत्तरे, शस्त्रक्रिया करून घेतलेल्या व्यक्तींच्या मुलाखती, श्रुतिका, लोकगीतांच्या चालीवरील गीते आणि ग्रामीण कार्यक्रमांतील पात्रांचे संवाद हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. यांपैकी भाषण हा प्रकार श्रोत्यांना सर्वांत कमी मानवणारा होता. डॉक्टरांची भाषा संस्कृतप्रचुर व पुस्तकी असे आणि ‘गर्भनिरोधक’, ‘निर्बीजीकरण’ यांसारखे शब्द खेड्यात रुळलेले नव्हते. संवादात मात्र सासू, सून, शेजारीण किंवा गावचा पाटील यांच्या तोंडून तोच विषय शंकेच्या व थट्टेच्या रूपाने मांडता येई. मुंबई केंद्रावरील ‘प्रपंच’ व ‘पुन्हा प्रपंच’ या मालिकांतील प्रभाकरपंत, मीनावहिनी व टेकाडे भाऊजी ही पात्रे याच रीतीने घरगुती गप्पांमधून सामाजिक प्रश्न श्रोत्यांसमोर आणीत. मोठ्या माणसांसमोर ज्या विषयावर बोलणे अमर्यादेचे मानले जाई, त्या विषयाची पहिली वाच्यता रेडिओने केली, म्हणजे ती घरातील कोणाही व्यक्तीच्या अंगावर येत नसे. नभोवाणीच्या प्रभावाचा हा सर्वांत महत्त्वाचा व तितकाच मोजण्यास कठीण असा भाग होय.

याच सुमारास ट्रँझिस्टर संचांचा प्रसार झाला. वीज नसलेल्या वस्तीतही तो चाले आणि शेतात, मळ्यात किंवा स्वयंपाकघरात नेता येई. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या आणि चित्रपटगीतांच्या जोडीने कुटुंबनियोजनाचे लहान संदेशही ऐकू येऊ लागले. १९८५ मध्ये घरगुती रेडिओसंचाचा परवाना रद्द करण्यात आला. या बदलामुळे श्रोत्यांची संख्या वाढली. पण सार्वजनिक श्रवण व त्यानंतरची चर्चा मात्र मागे पडली. चावडीवरील श्रोतृमंडळाचे घराघरांतील श्रोत्यांत रूपांतर झाले. त्याचा एक लाभ असा, की चावडीवर न येणाऱ्या स्त्रिया आता स्वतः ऐकू लागल्या. हानी अशी, की ऐकलेल्या गोष्टीवर प्रश्न विचारण्याची व उत्तर मिळविण्याची रीत बहुतांशी लोपली.

नासिक जिल्ह्यातील परिस्थिती : नभोवाणीच्या कार्याच्या मर्यादा व शक्यता या दोन्हींचे दर्शन नासिक जिल्ह्यात घडते. जिल्ह्याची रचना एकसारखी नाही. गोदावरीकाठचा निफाडचा बागायती भाग, सिन्नर व येवला यांकडील अवर्षणप्रवण भाग, मोसम व गिरणा खोऱ्यांतील मालेगाव–बागलाण आणि सह्याद्रीच्या रांगांतील सुरगाणा, पेठ, इगतपुरी व त्र्यंबकेश्वरकडील डोंगराळ भाग यांचे जीवन परस्परांहून भिन्न आहे. बागायती गावांत रस्ते, सहकारी संस्था व शाळा लवकर आल्या. तेथे पीकसल्ल्यासाठी रेडिओ ऐकण्याची सवय लागली आणि शेतीच्या कार्यक्रमाला जोडून येणारा कुटुंबाच्या आकाराचा विषय शेताच्या वाटण्यांशी ताडून पाहणे शेतकऱ्याला स्वाभाविक होते. वाटण्यांमुळे जमिनीचे तुकडे होतात, हे तो स्वतःच्या अनुभवाने जाणत होता; त्यासाठी निराळा उपदेश आवश्यक नव्हता.

डोंगराळ भागातील स्थिती वेगळी होती. कोकणा, महादेव कोळी, वारली व भिल्ल या जमातींच्या पाड्यांमध्ये संच कमी होते आणि उंच डोंगरांमुळे श्रवणात अडथळे येत. पुणे किंवा मुंबई केंद्रावरील प्रमाण मराठी आणि पाड्यावरील बोली यांतही अंतर होते. बागलाण, मालेगाव, कळवण या भागांत अहिराणी बोलली जाते. खानदेशातील जळगाव येथे १९७६ मध्ये आकाशवाणी केंद्र सुरू झाल्यानंतर त्या बोलीच्या प्रदेशाला जवळचे केंद्र लाभले. नासिक येथे स्वतंत्र केंद्र त्यानंतर आले. तोपर्यंत जिल्ह्यातील श्रोता इतर जिल्ह्यांतील केंद्रांवर अवलंबून होता. त्यामुळे गर्भप्रतिबंधक साधनाची माहिती त्याने ऐकली, तरी ते कोणत्या दवाखान्यात, कोणत्या दिवशी मिळेल हे त्याच कार्यक्रमातून समजणे कठीण होते.

नभोवाणीने निर्माण केलेली इच्छा पूर्ण करणारी यंत्रणा गावाजवळ असणे, ही या कार्याची अत्यावश्यक अट होती. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे यांचा विस्तार झाला. परंतु पेठ किंवा सुरगाण्यासारख्या तालुक्यांत पावसाळ्यात वाटा बंद होत व आरोग्यसेविकेला पाड्यावर जाणे अवघड होई. लूपच्या बाबतीत ही उणीव देशभर उघड झाली. प्रचार जोराने झाला, साधने बसविली गेली. पण रक्तस्राव किंवा वेदना झाल्यास त्याकडे पाहण्याची व्यवस्था अपुरी होती. त्रास झालेल्या स्त्रियांच्या तोंडून निघालेली वार्ता नभोवाणीच्या संदेशापेक्षा अधिक विश्वसनीय ठरली आणि १९६७ नंतर या साधनाचा स्वीकार घटला.

वगळलेले श्रोते : श्रोतृमंडळे प्रामुख्याने पुरुषांची होती. चावडी ही गावातील पुरुषांची बैठकीची जागा होती व सायंकाळची वेळ स्त्रियांच्या स्वयंपाकाची होती. पूर्वास्पृश्य समाजातील लोकांना चावडीवर बरोबरीने बसून चर्चा करणे सर्वत्र शक्य नव्हते. परिणामी गर्भारपण व प्रसूती ज्यांच्या वाट्याला येई, त्या स्त्रियांचे म्हणणे चर्चेच्या वृत्तांतात अभावानेच उमटले. स्त्रियांसाठी स्वतंत्र मंडळे व कार्यक्रम सुरू झाले, तरी त्यांची संख्या व व्याप्ती मर्यादित राहिली.

चर्चा पुरुषांची असली, तरी उपाय मात्र पुढे स्त्रियांच्याच वाट्याला आला. १९६० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील शस्त्रक्रियांमध्ये पुरुष नसबंदीचे प्रमाण मोठे होते. १९७७ नंतर हे प्रमाण उलटले. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी निम्म्याच्या आसपास स्त्रिया स्वतःच्या निर्बीजीकरणावर अवलंबून होत्या, तर पुरुष नसबंदीचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. कुटुंबनियोजन ही पतिपत्नींची संयुक्त जबाबदारी आहे, असे नभोवाणीवरून सातत्याने सांगण्यात आले; प्रत्यक्ष आचरणात तो संदेश उतरला नाही.

लक्ष्यपद्धती व आणीबाणी : १९६६ नंतर प्रत्येक जिल्ह्याला व कर्मचाऱ्याला शस्त्रक्रियांची वार्षिक संख्या ठरवून देण्याची लक्ष्यपद्धती दृढ झाली. त्यामुळे प्रचाराचा सूर बदलला. श्रोत्याच्या शंकेला उत्तर देण्यापेक्षा शिबिराची तारीख व प्रोत्साहनपर रक्कम जाहीर करणे अधिक महत्त्वाचे ठरू लागले. आणीबाणीच्या काळात (१९७५–७७) याचे पर्यवसान सक्तीमध्ये झाले. १९७६–७७ या वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक निर्बीजीकरण शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये तीन अपत्यांनंतर निर्बीजीकरण सक्तीचे करणारे विधेयक संमत केले. अशा प्रकारचे विधेयक संमत करणारे हे देशातील पहिले राज्य होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

नभोवाणी ही त्या काळी पूर्णतः शासकीय नियंत्रणाखाली होती व सक्तीबद्दलच्या तक्रारींना तिच्यावर स्थान नव्हते. शस्त्रक्रियेचा पुरस्कार करणारा आवाज आणि शस्त्रक्रियेसाठी माणसे गोळा करणारी यंत्रणा ही एकाच शासनाची दोन अंगे आहेत, हे ग्रामीण श्रोत्याने ओळखले. १९७७–७८ मध्ये शस्त्रक्रियांची संख्या दहा लाखांच्याही खाली आली. कार्यक्रमाचे नाव बदलून ‘कुटुंबकल्याण’ असे करण्यात आले व नभोवाणीच्या कार्यक्रमांतही माता-बाल आरोग्य, लसीकरण व आहार या विषयांवर भर देण्यात आला. माहिती देणाऱ्यावरील विश्वास गमावला, तर खरी माहितीही स्वीकारली जात नाही, हा या काळाचा धडा होय. तो देशाच्या लोकसंख्याविषयक धोरणात औपचारिकपणे मान्य होण्यास दीर्घकाळ लागला. लक्ष्यपद्धती १९९६ मध्ये रद्द करण्यात आली.

अन्य अनुभव : ग्रामीण महाराष्ट्रातील काही आरोग्य प्रकल्पांनी याच सुमारास निराळा मार्ग दाखविला. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सुरू केलेल्या प्रकल्पात गावातीलच, बहुधा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातर्फे डॉ. बानू कोयाजी यांच्या मार्गदर्शनाखाली वढू येथेही ग्रामीण आरोग्यसेवेचा प्रयोग झाला. जन्मलेली मुले जगतील अशी खात्री वाटू लागल्यानंतर दांपत्ये आपणहून कुटुंब मर्यादित करतात, असा या प्रकल्पांचा अनुभव आहे. श्रोतृमंडळातील चर्चेचे जे कार्य होते, तेच येथे ओळखीच्या स्त्रीशी दारात होणाऱ्या बोलण्याने केले.

इतर देशांतील अभ्यासही याला पुष्टी देतात. तैवानमधील ताइजुंग शहरात १९६३ मध्ये झालेल्या प्रयोगात, साधने स्वीकारणाऱ्या अनेक स्त्रियांना त्यांची माहिती प्रचारकांपेक्षा मैत्रिणी व शेजारणींकडून मिळाल्याचे आढळले. टांझानियामध्ये १९९३ पासून प्रक्षेपित झालेल्या एका नभोनाट्यमालिकेच्या वेळी एका प्रदेशात ती मुद्दाम काही काळ प्रक्षेपित करण्यात आली नाही. जेथे मालिका ऐकली गेली, तेथे साधनांचा वापर अधिक वाढला आणि पतिपत्नींमधील या विषयावरील बोलण्यातही वाढ झाली. भारतात १९९६–९७ मध्ये आकाशवाणीच्या ‘तिनका तिनका सुख’ या हिंदी मालिकेमुळे उत्तर प्रदेशातील लुत्सान या गावातील रहिवाशांनी एकत्र येऊन हुंडा व बालविवाह यांविरुद्ध लेखी प्रतिज्ञा केली. कार्यक्रमाचा परिणाम तो संपल्यानंतरच्या सामूहिक बोलण्यातून घडतो, हे चार दशकांपूर्वीच्या पुणे प्रयोगातील निरीक्षण येथे पुन्हा प्रत्ययास आले.

मूल्यमापन : महाराष्ट्रातील एकूण जननदर १९९२–९३ मध्ये दर स्त्रीमागे सुमारे २.९ होता, तो २०१९–२१ मध्ये १.७ पर्यंत उतरला. या घटीचे श्रेय एकट्या नभोवाणीला देता येत नाही. याच काळात मुलींचे शिक्षण वाढले, विवाहाचे वय पुढे गेले व बालमृत्यूंचे प्रमाण घटले. राज्यातील अर्भकमृत्यूचा दर १९७१ मध्ये हजारी शंभराहून अधिक होता, तो २०२० मध्ये १६ झाला. शेतीची विभागणी, शहरांकडील स्थलांतर आणि १९७२ मध्ये मुंबईत सुरू झालेले दूरदर्शन यांचाही परिणाम झाला. ज्या गावांत रेडिओ आधी आला, त्याच गावांत बहुधा शाळा, रस्ता व दवाखानाही आधी आला. त्यामुळे एकाचा परिणाम दुसऱ्यापासून वेगळा काढणे अवघड ठरते.

असे असले, तरी नभोवाणीच्या वाट्याला एक निश्चित कार्य येते. अपत्यांची संख्या ही दैवाधीन नसून पतिपत्नींनी ठरवावयाची गोष्ट आहे, ही कल्पना तिने निरक्षर समाजात बोलण्यायोग्य केली. साधनांची नावे, ती मिळण्याची ठिकाणे व दोन अपत्यांमधील अंतराचे महत्त्व तिने दूरवर पोहोचविले. निर्णय घडवून आणण्याचे काम मात्र तिने एकटीने कधीच केले नाही. ते गावातील चर्चेने, आरोग्यसेविकेवरील विश्वासाने व जगलेल्या मुलांनी केले.

२००६ च्या धोरणानुसार स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक नभोवाणी केंद्रे चालविण्याची अनुमती मिळाली. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथील ‘माणदेशी तरंग’ व नासिक येथील ‘रेडिओ विश्वास’ ही या प्रकारची केंद्रे होत. लहान क्षेत्रातील श्रोते, स्थानिक बोली व निवेदकाची ओळख यांमुळे अशा केंद्रांत श्रोत्याला प्रश्न विचारता येतो आणि त्याच दवाखान्याची, त्याच वाराची माहिती देता येते. १९५६ मध्ये चावडीवरील मंडळांना वृत्तांत टपालाने पुण्यास पाठवून जे साधावे लागत होते, ते येथे अधिक सुलभ झाले आहे. कुटुंबनियोजनाचा भर आता अपत्यसंख्या कमी करण्यापेक्षा अल्पवयीन विवाह, पहिल्या प्रसूतीचे वय, दोन अपत्यांमधील अंतर व पुरुषांचा सहभाग यांवर यावयास हवा. हे सर्व प्रश्न आदेशाने सुटणारे नसल्यामुळे त्यांच्या बाबतीत श्रोत्याचे म्हणणे ऐकून घेणारी नभोवाणीच उपयुक्त ठरू शकते.